शार्त्रचे शोमरोनी-गवाक्ष

ख्रिस्ती कलेतील प्रतीकांविषयी लिहावयास बसलेला लेखक बहुधा एक कोश हाताशी घेऊन बसतो. कोकरू म्हणजे ख्रिस्त, कबूतर म्हणजे पवित्र आत्मा, लिलीचे शुभ्र फूल म्हणजे मरियेचे कौमार्य, जहाजाचा नांगर म्हणजे आशा, आणि चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा पाणपक्षी म्हणजे आत्मबलिदान, असा हा कोश आहे. त्याचा उपयोग नाही असे नव्हे. ज्या वाचकाला चर्चच्या अंतर्भागाचा परिचय नाही त्याला या संकेतांवाचून पहिले पाऊलही टाकता येणार नाही. परंतु कोशात मिळतो तो शब्दाचा अर्थ, वाक्याचा नव्हे. कमळ, हंस, चातक यांचे संकेत पाठ असलेला मनुष्य त्यामुळेच संस्कृत काव्याचा रसिक ठरत नाही. तसेच येथेही आहे. प्रतीक हे वस्तूत वसते की वस्तूंच्या मांडणीत, हा प्रश्न कोश सोडवू शकत नाही. किंबहुना तो प्रश्न आहे याची जाणीवच कोशामुळे बुजून जाते.

हा प्रश्न ज्या कलाकृतीपाशी विशेष स्पष्टपणे उभा राहतो, ती फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलात आहे. पॅरिसच्या नैर्ऋत्येस असलेल्या या गावाचे जुने कॅथीड्रल इ. स. ११९४ च्या जून महिन्यात आगीत जळाले. पश्चिमेकडील दर्शनी भाग व त्यातील तीन जुनी गवाक्षे बचावली. पुढील तीसएक वर्षांत जे नवे मंदिर उभे राहिले त्याच्या भिंती म्हणजे जणू रंगीत काचेच्या चौकटी होत. गवाक्षांची संख्याच पावणेदोनशेच्या घरात जाते. दोन महायुद्धांच्या वेळी, १९१८ साली आणि पुन्हा १९३९ साली, ही काच उतरवून सुरक्षित स्थळी नेण्यात आली, म्हणून ती आज पाहावयास मिळते. त्यांपैकी दक्षिणेकडील पाखेत, तेराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत केव्हातरी घडविलेले, चांगल्या शोमरोन्याची कथा सांगणारे एक गवाक्ष आहे. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्याच्यापुरतेच आहे.

प्रथम माध्यमाविषयी. भिंतीवरचे चित्र प्रकाश झेलते. काचेचे चित्र प्रकाश सोडते. वाळू आणि लाकडाची राख वितळवून केलेल्या या काचेत रंग वरून दिलेला नसतो. कोबाल्टचा निळा, तांब्याचा तांबडा हे रस तयार होत असतानाच तिच्या अंगात मुरलेले असतात. चित्रकाराच्या हाती उरते ती केवळ एक काळसर लुकण. तिने तो डोळे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या काढतो आणि काच पुन्हा भट्टीत घालतो. मग काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवावयाचे. त्यामुळे आकृतीभोवतीची जाड काळी रेषा ही येथे कलावंताची लहर नसून बांधकामाची गरज आहे. ज्या कलेत रेषेवाचून चित्र उभेच राहू शकत नाही, खाली कोसळते, त्या कलेत आकृतींची ठेवण आणि त्यांच्यामधील अंतर यांना भाषेतील अन्वयाइतके महत्त्व यावे हे स्वाभाविक आहे.

या माध्यमाला मध्ययुगीन धर्मचिंतकांनी स्वतःचाच एक अर्थ दिला होता. सूर्यकिरण काचेतून आरपार जातो आणि काच भंगत नाही. तद्वत् मरियेच्या उदरी ईश्वरी शब्दाने देह धारण केला आणि तिचे कौमार्य अभंग राहिले. दृष्टांत सुंदर आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने त्याची एक अडचण आहे. तो सर्वच गवाक्षांना सारखाच लागू पडतो, म्हणून कोणत्याही एका गवाक्षाविषयी तो काहीच सांगत नाही. शार्त्रविषयीचे बरेच भावुक लेखन या एका दृष्टांताभोवती आणि ‘दैवी निळ्या प्रकाशा’भोवती घोटाळत राहिले आहे. २००९ नंतरच्या जीर्णोद्धारात भिंतींवरील शतकांची काजळी काढून त्या पुन्हा फिकट पिवळसर केल्या गेल्या, तेव्हा तीव्र वाद माजला. अंधारात तरंगणाऱ्या रंगांची सवय झालेल्यांना उजळ भिंती रुचल्या नाहीत. त्या वादात कोणाची बाजू खरी हा येथील विषय नव्हे. पण अंधारामुळे वाटणारी गूढता आणि प्रतीकाची गूढता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्या वादाने अनायासे दाखवून दिले.

आता कथा. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो की, ज्या शेजाऱ्यावर प्रेम करावयाचे तो माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या एका माणसाला लुटारूंनी गाठले, त्याची वस्त्रे हिसकावली, त्याला अर्धमेला करून टाकले. त्या वाटेने एक याजक आला व निघून गेला. लेवी आला, तोही बाजूने गेला. मग आला एक शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी ज्याच्याशी व्यवहारही ठेवू नये अशा समाजातला मनुष्य. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, आणि दोन नाणी देऊन पुढच्या खर्चाचीही हमी घेतली. शास्त्र्याच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी शास्त्र्यालाच द्यावे लागते. आणि ते देताना ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारणे तो टाळतो, असे मूळ वाचताना सहज लक्षात येते.

एवढ्या सरळ कथेत गूढ काय असावे? परंतु चर्चच्या आरंभीच्या शतकांपासून भाष्यकार तिच्यात मानवजातीचा संपूर्ण इतिहास पाहत आले. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने हा अर्थ आपल्याआधीच्या एका वडीलधाऱ्याचा म्हणून नोंदविला आहे. ऑगस्टीनने त्याला विस्तार दिला. वाटसरू म्हणजे आदाम. यरुशलेम म्हणजे ज्या स्वर्गीय नगरीतून तो ढळला ती. यरीहो या नावाचा संबंध चंद्राशी जोडला गेला. आणि चंद्र वाढतो, क्षीण होतो, म्हणून यरीहो म्हणजे मर्त्यता. लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत. त्यांनी हिरावलेले वस्त्र म्हणजे अमरत्व. याजक व लेवी म्हणजे जुना करार, ज्याच्याने जखम बरी होऊ शकली नाही. शोमरोनी हा ख्रिस्त, त्याचे जनावर म्हणजे त्याने धारण केलेला देह, उतारशाळा म्हणजे चर्च, तिचा चालक म्हणजे प्रेषित पौल, आणि दोन नाणी म्हणजे प्रेमाच्या दोन आज्ञा किंवा इहलोक-परलोकांची दोन आश्वासने. एकही तपशील मोकळा सुटलेला नाही.

मराठी वाचकाला ही पद्धती अगदीच परकी वाटू नये. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तिहेरी मांडणी आहे: चक्रधरांचे वचन, त्यावरील गोष्ट, आणि गोष्टीतील कोणती वस्तू सिद्धांतातील कोणत्या वस्तूच्या जागी आहे याचा उलगडा. शार्त्रची काच आणि ‘दृष्टांतपाठ’ ही एकाच शतकाची अपत्ये आहेत. एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही, आणि तो जोडण्याची आवश्यकताही नाही. परंतु ‘दार्ष्टांतिक’ हा शब्द मराठीने दिलेला असल्यामुळे पुढील मुद्दा मराठीत अधिक नेमकेपणाने मांडता येतो.

तो मुद्दा सांस येथील गवाक्षाशी तुलना केली असता उघड होतो. शार्त्रचे आणि सांसच्या कॅथीड्रलातील शोमरोनी-गवाक्ष ही दोन्ही जवळजवळ एकाच सुमाराची. सांसच्या गवाक्षात सर्वांत वर यरुशलेम नगरी आहे आणि तिच्याखाली, मधल्या रांगेत, तीन मोठे चौकोन कोनांवर उभे केलेले आहेत. पहिल्यात लुटारूंचा हल्ला, दुसऱ्यात याजक व लेवी, तिसऱ्यात शोमरोनी. प्रत्येक चौकोनाभोवती चार वर्तुळे आहेत. हल्ल्याभोवती आदाम-हव्वेची निर्मिती, पतन, हद्दपारी. याजक-लेवींभोवती मोशेच्या चरित्रातील प्रसंग, त्यात सोन्याचे वासरू आणि पितळेचा सर्प. शोमरोन्याभोवती ख्रिस्ताचा न्याय, छळ, क्रूस आणि पुनरुत्थान. पात्रांची नावेदेखील काचेवर लिहिलेली आहेत. जुन्या पोथ्यांत पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत मूळ आणि वर-खाली बारीक अक्षरांत टीका लिहीत, त्या त्रिपाठी पोथीसारखेच हे आहे. आणि युरोपातही त्या काळी पवित्र शास्त्राच्या प्रती भोवताली टीका घालूनच लिहिल्या जात. सांसचे गवाक्ष म्हणजे उभे केलेले असे एक पान होय. त्यात दृष्टांत आहे आणि शेजारीच दार्ष्टांतिकही आहे. बूर्झच्या कॅथीड्रलातही थोड्याफार फरकाने हीच योजना आहे: मध्ये कथा, दोन्ही बाजूंच्या अर्धवर्तुळांत भाष्य, आणि वाचनाची दिशा वरून खाली.

शार्त्रच्या कारागिरांनी, किंवा त्यांना विषय नेमून देणाऱ्या धर्मपंडितांनी, हे केले नाही. त्यांच्या गवाक्षात चोवीस फलके आहेत आणि ती खालून वर वाचावयाची. अगदी तळाशी जोडे शिवणारे कारागीर आहेत. त्यांच्यावर येशू कथा सांगतो आहे. मग वाटसरू नगरीच्या दारातून बाहेर पडतो, लुटारू टपून असतो, हल्ला होतो, याजक व लेवी निघून जातात, शोमरोनी जखमा बांधतो, जनावरावर बसवून नेतो, आणि उतारशाळेत, बिछान्याशी, त्याची शुश्रूषा करतो. येथे गवाक्षाची निम्मी उंची संपते. कथा पूर्ण झालेली असते. आणि त्या बिछान्याच्या लगेच वर, कोणतीही सूचना न देता, परमेश्वर आदाम घडवीत असतो.

हा धक्का महत्त्वाचा आहे. पुढील फलके उत्पत्तीच्या क्रमाने जातात: नंदनवनातला आदाम, हव्वेची निर्मिती, निषिद्ध फळाची आज्ञा, सर्प, पतन, लज्जा, हद्दपारी, कष्टाचे जिणे, आणि अखेरीस काइनाने हाबेलचा केलेला वध, सर्वांच्या वर ख्रिस्त. पण खालच्या कोणत्या फलकाला वरचे कोणते फलक उत्तर देते हे कोठेही सांगितलेले नाही. ते पाहणाऱ्याने शोधावयाचे आहे. आणि शोधू लागताच ते सापडत जाते. वाटसरू एका दारातून बाहेर पडला होता. आता आदाम व हव्वा दुसऱ्या एका दारातून बाहेर काढले जात आहेत. लुटारूंनी एकाला उघडे केले होते. येथे दोघांना आपले उघडेपण प्रथमच कळते. तेथे एक देह असहाय आडवा पडला होता. येथेही आदाम निद्रेत आडवा आहे आणि त्याच्या कुशीतून हव्वा काढली जात आहे. एक आडवेपण मरणाच्या वाटेवरचे, दुसरे जन्म देणारे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात लयीचे जे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम सांगितले, त्यांतील पहिले दोन येथे एकाच जोडीत काम करतात.

म्हणून असे म्हणणे भाग आहे की सांसचे गवाक्ष रूपक रचते आणि शार्त्रचे गवाक्ष ध्वनीच्या मार्गाने जाते. सांसमध्ये उपमेय व उपमान एकमेकांना खिळ्यांनी ठोकून बसविलेली आहेत. शार्त्रमध्ये वाच्यार्थ आधी स्वतःच्या बळावर संपूर्ण होऊ दिला आहे; त्यानंतर, आणि तो पूर्ण झाला म्हणूनच, दुसरा अर्थ त्याच्यातून घुमू लागतो. घंटेचा टोल थांबल्यावर मागे राहणाऱ्या नादाची उपमा ध्वनिवाद्यांना प्रिय होती, ती या ठिकाणी शब्दशः लागू पडते. सांसच्या रचनेत बुद्धीला समाधान आहे, विद्वत्तेचा थाट आहे, आणि तेथील काच कोणत्याही अर्थाने कमी प्रतीची नाही. तरीही तेथे पाहणारा शिष्य राहतो. शार्त्रमध्ये तो सहृदय होतो.

दिशेचाही विचार केला पाहिजे. कथेत ‘उतरणे’ आहे: यरुशलेम उंचावर, यरीहो खोल दरीत. सांस आणि बूर्झ येथील गवाक्षे वरून खाली वाचावयाची असल्याने नजरही वाटसरूबरोबर उतरते. रूप आणि आशय यांचा हा मेळ बिनचूक आहे. शार्त्रमध्ये मात्र कथेतला माणूस उतरत असतो तेव्हा पाहणाऱ्याची नजर चढत असते. हा विरोध हेतुपूर्वक योजला होता असा दावा करण्याचे कारण नाही, कारण शार्त्रची बहुतेक गवाक्षे खालूनच वर वाचली जातात. परंतु कलाकृतीतील अर्थ हेतूपुरताच मर्यादित असतो असे कोणी म्हटले? पतनाची कथा सांगताना मान वर करावी लागते, आणि जसजसे वर जावे तसतसे काळात मागे, आरंभाकडे जावे लागते, हा अनुभव त्या काचेपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला येतो.

येथवर जे झाले ते रचनेचे कौतुक. परंतु या सर्व अर्थव्यूहावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पंडित अडोल्फ यूलिशर यांनी असे प्रतिपादन केले की, येशूचे दृष्टांत हे तपशीलवार रूपके नव्हेत. प्रत्येक दृष्टांताला एकच मर्म असते. १९३५ मध्ये सी. एच. डॉड यांनी दृष्टांतांवरील आपल्या ग्रंथाच्या आरंभीच ऑगस्टीनचा हा शोमरोनी-अर्थ समोर ठेवला, तो कसे वाचू नये याचा नमुना म्हणून. आक्षेपाचे स्वरूप केवळ शास्त्रीय नाही, नैतिक आहे. शोमरोनी हा हीन लेखलेल्या समाजातला माणूस होता, आणि धर्माधिकाऱ्यांना जे जमले नाही ते त्याने केले, यात कथेची सगळी धार आहे. शिवाशिवीने पोखरलेल्या समाजात वाढलेल्या वाचकाला ती धार समजावून सांगावी लागणार नाही. त्या शोमरोन्याच्या जागी साक्षात् ख्रिस्ताला बसविले की धार बोथट होते. हीन लेखलेला माणूस नाहीसा होतो. उरतो तो ईश्वर, ज्याने दया करावी हे अपेक्षितच आहे. आणि ऐकणाऱ्याने ‘तूही जाऊन तसेच कर’ असा बोध घेण्याऐवजी ‘माझ्यासाठी हे झाले’ एवढेच समाधान मानावे, अशी सोय होते.

सांसच्या गवाक्षावर हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो, आणि आणखी एका बाजूनेही. याजक-लेवींभोवती मोशे उभा केल्यामुळे जखमी माणसाला टाकून जाणारे दोन इसम राहत नाहीत. सारा यहुदी धर्मच त्याला टाकून जातो. हे निरुपद्रवी धर्मशास्त्र नव्हते. राजा दुसऱ्या फिलिपने ११८२ मध्ये आपल्या मुलखातून यहुद्यांना हाकलले होते आणि ११९८ मध्ये परत येऊ दिले होते. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने त्यांनी ओळखू येईल असा वेगळा पेहराव करावा असे फर्मावले. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलाच्या दारापाशी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या, मोडका भाला धरलेल्या स्त्रीच्या रूपात यहुदी धर्माची मूर्ती उभी केली गेली, तीही याच शतकात. ती मूर्ती अतिशय देखणी आहे. प्रतीकाचे सौंदर्य आणि प्रतीकाचा अन्याय एकाच दगडात नांदू शकतात, हे ख्रिस्ती प्रतीकसृष्टीचा अभ्यास करणाऱ्याने मान्य केलेच पाहिजे. सौंदर्याच्या भरात दुसऱ्याकडे डोळेझाक करणे ही रसिकता नव्हे.

शार्त्रच्या गवाक्षात मोशे नाही. याजक आणि लेवी एका फलकात येतात आणि जातात. त्यांच्या मागे नियमशास्त्राचा इतिहास उभा केलेला नाही. ही उणीव उदारतेतून आली असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्याच शतकात, त्याच समाजात हे घडले आहे. परंतु तिचा परिणाम वेगळा होतो. जखमी माणसाचे नाते मधले काही न येता थेट आदामाशी, म्हणजे सर्वांशी, जुळते.

आणि मग येतो काइन. डॉड यांच्या आक्षेपाला शार्त्रचे गवाक्ष जे उत्तर देते ते त्या एका फलकात आहे. ऑगस्टीनच्या अर्थव्यूहात काइनाची गरज नव्हती. आदामाचे पतन व हद्दपारी एवढ्याने वाटसरूची ओळख पटली असती, आणि सांसच्या रचनेत त्या वर्तुळांमध्ये काम भागलेही. शार्त्रने मात्र उत्पत्तीची कथा आणखी एक पाऊल पुढे नेली आणि भावाने भावाला मारले तेथे ती थांबविली. त्या खुनानंतर परमेश्वर काइनाला त्याच्या भावाविषयी विचारतो आणि काइन उलट प्रश्न करतो की, भावाला राखणारा मी आहे काय? गवाक्षाच्या खालच्या टोकाला शास्त्र्याचा प्रश्न आहे: माझा शेजारी कोण? वरच्या टोकाला ज्याच्या मागून हा दुसरा प्रश्न येतो ती कृती आहे. दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच. दोन्ही जबाबदारीची हद्द आखून घेऊ पाहतात. असे पाहिले म्हणजे लुटारू हे केवळ सैतानाचे दूत राहत नाहीत. वाटेवर माणसाला मारणारा माणूसच होता, आणि पहिला मारणारा सख्खा भाऊ होता. ज्या रूपकाने शेजारधर्माचा मूळ अर्थ गिळून टाकला असता, त्याच रूपकाच्या पोटातून तो अर्थ पुन्हा वर येतो, आणि तोही मांडणीच्या जोरावर. कारण काइन आणि शास्त्री यांना जोडणारे एकही अक्षर काचेवर नाही.

हे सर्व वाचणार कोण, हा प्रश्न उरतो. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने मार्सेयच्या बिशपला लिहिले होते की, वाचता येणाऱ्यांना ग्रंथ जे देतात ते निरक्षरांना चित्रे देतात. तेव्हापासून गवाक्षांना ‘गरिबांचे बायबल’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती फारशी विचारपूर्वक पडलेली नाही. ज्याला कथा आधीच ठाऊक नाही त्याला काचेवरून ती कळणे दुरापास्त आहे. आणि तिचा दुसरा अर्थ तर उपदेशकाच्या मुखातूनच कळावयाचा. सँ-दनीचा मठाधिपती स्यूझे, ज्याच्या ११४४ मधील नव्या गर्भागाराने या काचयुगाचा पाया घातला, याला ते ठाऊक होते. त्याच्या एका गवाक्षात संत पौल जाते फिरवितो आहे आणि संदेष्टे धान्याची पोती आणून देत आहेत: जुन्या कराराचे धान्य, नव्याचे पीठ. जात्यावरच्या ओव्यांत वाढलेल्या कोणालाही हे चित्र आवडेल. पण ते चित्र कळावे म्हणून स्यूझेला त्याखाली लॅटिन पद्य लिहावे लागले, आणि लॅटिन कळणारा गरीब विरळाच.

मुखाने सांगण्याची ही गरज पुढे एका इंग्रज जेझुइटाने मराठीत भागविली. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला. तेथील चर्चच्या खिडक्यांना चित्रित काच नव्हती. शिंपल्याच्या पातळ पारदर्शक चकत्या लाकडी जाळीत बसवीत, आणि त्यांतून येई तो दुधासारखा, चित्रहीन उजेड. आदामापासून ख्रिस्तापर्यंतची ती सारी चित्रमाला ओवीत उतरली. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत, ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’: पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा वृत्तांत, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ च्या मंगळूर आवृत्तीने आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी काढलेल्या देवनागरी आवृत्तीने तो वाचकांपुढे पुन्हा आणला. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की, स्टीफन्सने शार्त्रसारखा काळाचा क्रम मोडला नाही. पुराणाला सर्गापासून आरंभ करावाच लागतो, आणि त्याच्या श्रोत्यांना ती अपेक्षा होती. त्याऐवजी त्याने श्रोत्यालाच ग्रंथात घेतले. नवदीक्षित श्रोता शंका विचारतो, पाद्री-गुरू तिचे निरसन करतो. गवाक्षाला असा श्रोता आपल्या चौकटीत बसविता येत नाही. तो खाली, फरशीवर उभा असतो.

तो कोण होता याचा एक पुरावा गवाक्षाच्या तळाशी आहे. जोडे शिवणारे ते कारागीर या काचेचे दाते, असे दीर्घकाळ मानले गेले. १९९३ मध्ये जेन वेल्च विल्यम्स यांनी शार्त्रच्या व्यवसायचित्रांचा अभ्यास करून त्या समजुतीला धक्का दिला: कारागिरांच्या स्वयंस्फूर्त दानाची ही चित्रे म्हणजे त्या वर्गाने कसे असावे याविषयीची धर्माधिकाऱ्यांची कल्पना असू शकेल. तसे असेल तर ते जोडेवालेही एका अर्थी प्रतीकच ठरतात. पण ते ज्या जागी बसविले गेले ती जागा कोणीही निवडली असो, एका लांब वाटेच्या कथेखाली ते पायताण शिवीत बसले आहेत. येशू आणि प्रश्न विचारणारा शास्त्री यांचे फलक त्यांच्या माथ्यावर आहे. पाखेतील ही गवाक्षे वरच्या मजल्यावरच्या गवाक्षांइतकी उंच नाहीत. उभ्या माणसाची नजर प्रथम कारागिरांवर पडते, मग त्या प्रश्नावर. काइनापर्यंत पोहोचावयास मान बरीच मागे टाकावी लागते.